पिच्चरातलं माझं मरण

४ जाने., रवि.
पिच्चरला मुंबईत बक्षीस मिळालं. सकाळपासून फोन. धारेला बसले तरी फोन. ह्यांचा फोन मीच उचलते, कारण हे ग्राउंडवर पोरींना पळवतात आणि फोन घरी चार्जिंगला. जो तो म्हणतो, सरांचं अभिनंदन. मी म्हणते, सांगते. मग विचारतात, आपण कोण? बायको म्हटलं की पलीकडं गप्प. एकाने तर सॉरी म्हणून ठेवूनच दिला.
पिच्चरात मी मेलेली आहे ना.

६ जाने.
कोरी डायरी दूध डेअरीने दिली म्हणून लिहितेय. शाळा चौथीपर्यंत. अक्षर कसं का असेना, मलाच वाचायचंय.
बक्षिसाचं काही पटत नाही. गोष्ट म्हणे ह्यांची. खेड्यातला खेळाचा मास्तर, पायात चप्पल नसलेल्या पोरी, खो-खो, शेवटी कप. फायनलच्या दिवशी मास्तरची बायको दवाखान्यात शेवटचे आचके देते. मास्तरला निरोप येतो. जात नाही. पोरींना सांगतही नाही. तोंडात शिट्टी, डोळ्यात पाणी. पोरी जिंकतात, मग त्यांना कळतं. संगमनेरच्या थेटरात बाया पदर तोंडात कोंबून रडत होत्या.
बायको मरतीय आणि नवरा शिट्टी फुंकतोय, ह्यात बक्षीस देण्यासारखं काय?
खऱ्या पोरी फायनल हरल्या होत्या. आणि मी त्या वेळी घरी गोठा झाडत होते, ठणठणीत.
पण थेटरात मी पण रडले. स्वतःच्याच मयतीला. हे कुणाला सांगितलं नाही.

८ जाने.
ह्यांची आत्या आल्या नेवाशाहून. नातजावयाच्या मोटरसायकलवर. फाटकापासूनच गळा काढला, "सुमे गं, मला न सांगता गेलीस गं." मी शेणाची पाटी घेऊन समोर उभी. मला बघून खालीच बसल्या. नातवाच्या मोबाईलवर पिच्चर बघितला, नावं बदलली असली तरी मास्तर आपलाच हाय हे वळखलं, म्हणजे सून पण गेली असं धरलं. एवढी वर्षं बोलणं नाही, फोन करायची लाज वाटली, म्हणून सरळ आल्या.
मी पाणी दिलं. रागावलेही. आत्या म्हणाल्या, "रागावू नगं. आमच्या येळेला कुणाच्या डोक्याला कावळा शिवला, म्हंजी मरणाचा अपशकुन झाला, का पाव्हण्यांकडं मेल्याची खोटी खबर धाडायचे. पाव्हणे रडले का अरिष्ट टळायचं. तुझ्यासाठी तर सगळा मुलूख रडला. आता तू लई वर्सं मरत न्हाईस."
मग भजी कर म्हणाल्या. रडून भूक लागली म्हणे.

११ जाने., रवि.
शेवगावकडून एका बाईचा फोन. सर एकटेच असतात असं पिच्चरावरून कळलं, आमची एक नात्यातली आहे, नवऱ्याने टाकलेली, स्वभावाने गरीब. मी म्हटलं पाठवून द्या, चार गायी आहेत, शेण काढायला माणूस पाहिजेच.
ह्यांना सांगितलं तर हसले. लई दिवसांनी हसले. मला मात्र मनातून काही हसू आलं नाही.

१४ जाने. संक्रांत
हळदीकुंकू जावेच्या दारात. मला कुंकू लावताना जाऊबाई म्हणते, "भाग्याची गं, अहेव गेलीस. हिरवी साडी, ओटी, सगळं मिळालं." बाया हसतात. मी पण हसले. दुसरी म्हणते, सरांनी काय रडून दाखवलंय. अगं ते सर नाहीत, तो नट आहे. पण सगळ्यांच्या डोक्यात तोच बसला.
एक बाई म्हणाली, असा नवरा पाहिजे. मी म्हटलं, कसा? बायको मरताना न येणारा? तर माझ्याकडं अशी बघते की मीच काहीतरी वाईट बोलले.
घरी येईपर्यंत डोकं तापलेलं.

१६ जाने., शुक्र.
यूट्यूबवाला पोरगा आला, संगमनेरचा. हातात मोबाईलचा दांडा. सर पाहिजेत. सर ग्राउंडवर. मग म्हणे काकू तुम्हीच दोन शब्द. मी चाऱ्याची कुट्टी करत होते. नको म्हटलं. त्याने विचारलं, पिच्चरला बक्षीस मिळालं ते योग्य आहे का?
मग सुटलेच मी. म्हटलं कशाचं योग्य. पोरी जिंकल्या न्हाईत, हरल्या. मी मेले न्हाई, ही काय उभी हाय. आणि असला नवरा असता तर मीच सोडून गेले असते. बक्षीस द्यायचं तर खोटं बोलायचं म्हणून द्या.
तो खूश. परत विचारतो, "म्हंजी सर पोरींसाठी थांबले, घरी गेले न्हाईत, हे पण खोटं?"
मी म्हटलं, सगळं खोटं म्हणलं ना एकदा.
हे शेवटचं का बोलले

१८ जाने.
व्हिडिओ सगळीकडं पसरला. नाव काय टाकलंय तर 'मेलेली बायको बोलली'. शेजारची पोर खालच्या ओळी वाचून दाखवते. मास्तर फ्रॉड. जित्या बायकोला मारून नाव कमावलं. एकाने लिहिलंय, असल्या माणसाकडं पोरी पाठवू नका.
ह्या ओळीला ती पोर अडखळली. मी म्हटलं बास, जा घरी.
ह्यांनी मोबाईल स्वतःहून बघितला. चहा ठेवला होता तो गार झाला. मी म्हटलं, रागवा तरी. तर म्हणाले, "बोललीस ते बोललीस." शिट्टी गळ्यात घातली आणि गेले. रागवले असते तर मला भांडता आलं असतं.

१९ जाने., सोम.
आफ्रीन ग्राउंडवर आली नाही.
सलीमभाईची पोरगी. सलीमभाईचा कांद्याचा टेम्पो आहे. दहावीला आहे ती. खो-खोच्या पोलवर अशी झेपावते की दोन्ही गुडघे कायम फुटलेले. मी हळद लावून दिलीय कित्येकदा. नगरला २९ तारखेला निवड आहे, दोन दिवस मुक्काम. तिची निवड होणार हे मलासुद्धा कळतं, आणि मला खो-खोतलं काही कळत नाही.
हे संध्याकाळी त्यांच्या घरी जाऊन आले. सलीमभाई म्हणाले पोरीची तब्येत बरी नाही. चहा पाजला, गोड बोलले. हे परत येऊन म्हणाले, आफ्रीन दारामागं उभी होती. तिला काही झालेलं नव्हतं.
मला कळलं कशाने झालं ते. ह्यांना पण कळलं असणार. बोलले नाहीत.

२१ जाने.
तिळगुळाचं निमित्त काढून मी गेले. शबानाभाभीने बसायला चटई टाकली. सलीमभाई टेम्पो धूत होते, हात पुसत आले. मी आडवळणाने बोलत नाही. म्हटलं, पोरगी का बंद केली?
आधी टाळलं. मग बोलले. हे जसंच्या तसं लिहिते, कारण दिवसभर कानात तेच आहे.
"वहिनी, मी पोरीला परगावी मुक्कामाला कधी पाठवणार नव्हतो. आमच्यात बोलणारे लई. शाळेच्या पटांगणात पडदा लावून पिच्चर दाखवला, तवा मी मागं उभा हुतो. ती बायको मरायची जागा आली. मी म्हणलं, जो माणूस बायको मरताना पोरींना परक्या गावात टाकून गेला न्हाई, त्याच्यावर पोरगी सोडायला काय हरकत? त्या एका जागेवर मी हा म्हणलं. आता तुमीच म्हनता ती जागा खोटी. मग मी कशावर सोडू?"
मी ज्या जागेवर थुंकत होते त्याच जागेवर ह्या माणसाने पोरगी सोडली होती.
म्हटलं, सर चांगले आहेत. सलीमभाई म्हणाले, "बायको म्हनून सांगताय का?" शबानाभाभीने त्यांना डोळ्याने गप्प केलं. आफ्रीन आतून पाणी घेऊन आली, माझ्याकडं बघितलं नाही. पेला ठेवून गेली.
तिळगुळ तसाच परत आणला. द्यायचाच राहिला.

२२ जाने.
आता खरं लिहायला पाहिजे. डायरीत तरी.
ती जागा खोटी नाही. मयत बदललंय फक्त.
माझी आई गेली तेव्हा हे सोलापूरला पोरी घेऊन, त्या फायनलच्या नाही, दुसऱ्याच स्पर्धेला. फोन मीच केला. म्हणाले, बाई शिक्षिका सोबत नाही, पोरी शाळेच्या खोलीत झोपतात, कुणावर सोडून येऊ? आले ते सावडण्याच्या दिवशी. माझे भाऊ बोलले नाहीत त्यांच्याशी. मी पण कितीतरी दिवस ताट नुसतं पुढं सरकवत होते. आईच्या मयतीला माझ्या बाजूला माझं माणूस नव्हतं. ते अजून आत कुठंतरी आहे, खाली बसलेलं.
पिच्चर काढणारा पोरगा आमच्याच ओट्यावर बसून ह्यांच्याकडून हे सगळं ऐकून गेला. मी आत भाकरी थापत होते, एकेक शब्द ऐकला. मग त्याचा फोन आला, काकू, सासू मेली तर लोक तेवढं रडत नाहीत, बायको घेतली तर चालेल का? मी लाल गायीच्या खाली बसलेले, ती लाथ मारत होती. म्हटलं, मार मला एकदाचं आणि फोन ठेव.
त्याने मारलं.
म्हणजे कॅमेऱ्यापुढं 'सगळं खोटं' म्हणाले तेव्हा मला माहीत होतं काय खरं आहे. रागात निसटलं असं म्हणता येत नाही. ह्यांनी त्या दिवशी यायला पाहिजे होतं म्हणून मी त्यांचं ते थांबणं दिवसाढवळ्या सगळ्या मुलखापुढं पुसून टाकलं. फटका मात्र पोरीला.

२३ जाने., शुक्र.
दुपारी जेवताना ह्यांना विचारलं. किती वर्षं विचारायचं होतं आणि विचारलं ते असं, वरण वाढता वाढता. "मी खरंच दवाखान्यात असते तर आला असतात का?"
"तू फोनच केला नसतास."
"हे उत्तर न्हाई झालं."
भात कालवत बसले. मग म्हणाले, तुझ्या आईच्या वेळी मी सोलापूरच्या स्टँडवर गेलो होतो. नगरची गाडी लागलेली. आत बसलो. तिकीट काढायच्या आधी उतरलो. पोरी खोलीत एकट्या होत्या, कडी आतून नीट लागत नव्हती.
मी म्हटलं, हे कधी सांगितलं नाहीत.
म्हणाले, "सांगून काय, आलो तर न्हाईच ना."
मी उठून मागच्या दारी गेले. भांडी घासली. स्वच्छ भांडीच परत घासली.
हे पिच्चरात नाही. गाडीत बसून उतरलेला माणूस. तोंडात शिट्टी धरून रडणारा दाखवला, त्याला बक्षीस. ही जागा घेतली असती तर मी स्वतः हार घातला असता. पण त्या पोराला कसं कळणार, ह्यांनी मलाच सांगितलं नव्हतं. आणि मी विचारलं नव्हतं.
पिच्चर चांगला का वाईट, मला आता सांगता येत नाही. दोन दिवसांपूर्वी लगेच सांगितलं असतं.

२४ जाने.
यूट्यूबवाल्याला मीच फोन केला. ये म्हटलं, परत बोलायचंय. आला. कुट्टी मशीन बंद करून, तोंड धुऊन बसले. म्हटलं, घे, मी मेले नाही हे खरं, पोरी हरल्या हे खरं, पण सर पोरींना सोडून आले नाहीत हे पण खरं, माझी आई गेली होती तेव्हा. मी चुकीचं बोलले.
त्याने घेतलं सगळं. मोबाईल खिशात टाकला. म्हणाला, "टाकतो काकू, पण असलं कुणी बघत न्हाई. भांडणाचं बघतात."
"मग भांडणाचं काढून टाक."
हसला. ते त्याच्या हातात नाही म्हणे आता, हजारो लोकांकडं गेलं. सांडलेलं दूध गोळा करायला सांगतेय असं त्याचं तोंड. पोरगा वाईट नाही. चहा पिऊन गेला.
माझं दुसरं बोलणं संध्याकाळपर्यंत शेजारच्या पोरीने बघितलं आणि जाऊबाईने. जाऊबाई म्हणाली, केस तरी विंचरायचे होतेस.

२६ जाने.
झेंड्याला गेले. सरपंचांनी ह्यांना शाल दिली, पिच्चरबद्दल. टाळ्या पडल्या पण मागून कुणीतरी पोरगं ओरडलं, वहिनी जिवंत हायेत का? लोक हसले. ह्यांनी शाल घडी करून हातात धरली, अंगावर घेतली नाही.
आफ्रीन रांगेत होती. पांढरे बूट. संपल्यावर पोरी ग्राउंडवर खेळायला गेल्या, ती पोलजवळ जाऊन उभी राहिली. हात लावला पोलला. मग घरी गेली.
मी बघितलं आणि दुसरीकडं बघितलं.

२७ जाने.
सलीमभाईकडं परत. ह्यांना न सांगता. ते जेवत होते, मी म्हटलं जेवा, मी बोलते. सगळं सांगितलं. आई, सोलापूर, स्टँड, कडी. मला नीट सांगता येत नाही, मी मधेच पुढचं आधी सांगते, शबानाभाभी विचारायची मग काय झालं, तसं तसं सांगितलं.
सलीमभाईंचा घास हातातच. म्हणाले, "म्हंजी त्या मोबाईलवर तुमी खोटं बोलला."
"व्हय."
"सरांना माहीत हुतं तुमी खोटं बोलला?"
"पहिल्या दिवसापासून."
"आन् ते कुनाला बोलले न्हाईत."
"न्हाई."
घास ताटात ठेवला. मग म्हणाले, पिच्चरवर विश्वास ठेवला ते चुकलं, तुमच्यावर ठेवला ते पण चुकलं, आता तिसऱ्यांदा कुणावर ठेवू? बरोबर आहे त्यांचं.
शबानाभाभी म्हणाली, सोबत बाई माणूस कोण जातंय? म्हटलं, शाळेत बाई शिक्षिका आहे पण तिचं लेकरू तान्हं आहे, तिला नाही जमत. कुणीच जात नाही. तर ती मला म्हणाली, "तुमी का न्हाई गेलात कधी?"
गायी आहेत, म्हणाले मी. तोंडातून निघालं तेच मला कसंतरी वाटलं. एवढ्या वर्षांत हे एकटे पोरी घेऊन फिरतात. मी सोबत गेले असते तर सोलापूरला पोरी माझ्यावर सोडून पण... नाही, तेव्हा मी आईकडं होते. तरी. कधीच गेले नाही. ह्यांचा खेळ, ह्यांचं काम, मला काय त्याचं. सगळ्या वर्षांत एकदा पण नाही.
सलीमभाई म्हणाले, "तुमी जाणार असाल तर इचार करतो. हा म्हनत न्हाई. इचार करतो."
मी म्हटलं जाणार.
आफ्रीन दारातच होती. ह्या वेळेला बघितलं माझ्याकडं. हसली नाही पण बघितलं.

२८ जाने., बुध.
जावेला गायींचं सांगितलं. बोलली बरंच. तिच्या दोन, माझ्या चार, ती काय मशीन आहे का. लाल गाय धार देताना लाथ मारते, तिचे पाय बांध म्हटलं. पेंड कुठं आहे दाखवली. शेवटी म्हणाली, जा बाई, मेलेली माणसं पण आता फिरायला निघाली.
ह्यांना सांगितलं, मी येतेय नगरला. शर्टाची बटणं लावत होते, थांबले. कशाला? म्हटलं, कडी आतून लागत नसली तर मी दाराला टेकून झोपेन.
माझी पिशवी स्वतः गाडीवाल्याकडं नेऊन ठेवली.
सलीमभाईकडून काही निरोप नाही. मी पण विचारला नाही. आता विचारलं तर जोर केल्यासारखं.

२९ जाने., गुरु.
जीपमध्ये बसून लिहितेय, अक्षर वाकडं. स्टँडवर थांबलोय. पोरी आल्या सगळ्या, मागं दाटीवाटीने, एकमेकींच्या वेण्या घालतात, दंगा. आफ्रीन नाही. तिची जागा त्यांनी आपोआप सोडलीय, खिडकीजवळची.
यूट्यूबवाल्याचा मेसेज आला, पिच्चर आता दिल्लीच्या बक्षिसाला गेलाय, काकू तुम्हाला काय वाटतं, मिळावं का? दोन शब्द टाईप करा. काय टाईप करू. मिळावं म्हटलं तर आईला कसंतरी वाटेल. मिळू नये म्हटलं तर ह्या पोरींच्या बापांनी काय बघून पोरी पाठवल्या? फोन उलटा ठेवलाय मांडीवर.
ड्रायव्हर म्हणतो सर उशीर होतोय, निवड चालू होईल, नगरजवळ ट्रॅफिक लागतं. हे कधी कुणासाठी थांबत नाहीत. एकदा शाळेच्या हेडमास्तरला टाकून गाडी नेली होती. मी म्हटलं, थोडं थांबा ना. पोरी एकदम गप्प झाल्या. सगळ्यांच्या माना सलीमभाईच्या गल्लीकडं. गल्लीत टेम्पो उभा दिसतो. चालू आहे का बंद, इथून कळत नाही.
हे खाली उतरले. ड्रायव्हरला म्हणाले मागच्या चाकात हवा कमी वाटते. वाकून चाक दाबून बघतायत. मग दुसरं. मग तिसऱ्याकडं गेले.
चारी चाकं टम्म भरलेली आहेत.